मोटारीची कुनी

मला त्या कामावर ठिवलं ते मी हुशार व्हतो म्हनून न्हवं. धाकल्या सरकारांना त्येंच्या मोटारीला राखनदार पायजे व्हता. आन् त्यो असा पायजे व्हता की ज्येला मोटार चालवाया येत न्हाई, फुडं कदी येनार न्हाई, आन् कुनी शिकवाया बसलाच तर शिकवनारा सोताचंच इसरून जाईल. भोरच्या पेठंत इचारपूस केली तवा लोकांनी माज्याबिगर दुसरं नावच घेतलं न्हाई. मानसं नाव कमवाया जलम घालवत्यात. माजं बसल्या जागी झालं.

धाकलं सरकार म्हंजे एका बड्या घरचं धाकटं चिरंजीव. तवा भोरला आपलं संस्थान व्हतं, दुसरी लढाई लागायची व्हती, आन् पेठंत मोटार आली की दुकानदार माप हातात धरून बाहीर यायचे. सरकारांची मोटार त्यातबी येगळी. लाल भडक, वरनं उघडी, नाक लांब, आन् बसाया जागा दोगांनाच. शर्यतीची मोटार म्हनायचे तिला. इतकी ठेंगनी, की शेजारनं म्हस गेली तर म्हशीनं वाकून आत बगावं. तिच्यात बसायचं म्हंजे मी आदी पाय टाकायचो, मंग बाकीचा मी जिकडं पडंल तिकडं पडायचो.

पुन्याला क्यांपात सरकारांच्या एका दोस्ताची अशीच मोटार शिनेमाच्या दारातनं गेली. गडी आत खेळ बगत बसला, बाहीर आला तर जागा मोकळी, खाली तेलाचा डाग तेवढा. परत ती कुनाच्या नजरंला पडली न्हाई. तवापासनं सरकारांच्या जिवाला घोर लागला. त्येंनी पुन्यातलं मोटारीच्या सामानाचं दुकान गाठलं आन् मोटार बनवनाऱ्यानं जे दिलं न्हवतं ते समदं वरनं बसवून घेतलं.

पयली, स्टेरिंगला साखळी. जाड, वर चामडं शिवल्याली, तिला पितळी कुलूप. ती अडकवली की स्टेरिंग फिरत न्हाई. ती घालाया शिकताना म्या माजं मनगटबी आत घेऊन कुलूप दाबलं. किल्ली सरकारांच्या खिशात, आन् सरकार कचेरीत. कचेरी सुटंस्तवर मी मोटारीला जुपल्यावानी उभा. पेठेतली मानसं येऊन बगून गेली. एकानं कडबा आनू का म्हनून इचारलं.

दुसरी, पेट्रोलच्या नळीला चावी. ती बंद केली की मोटार थोडी चालती आन् तहान लागून मरती.

तिसरी व्हती चोरकळ. मिस्त्रीनं ते नाव घेतल्याबरुबर म्या इचारलं, चोराला येगळी कळ कशापाय? त्येची सोय आपन का करायची? मिस्त्री माज्याकडं बगत ऱ्हायला. मंग त्येनं ल्हान पोराला सांगत्यात तसं सांगितलं, की बंडीला चोरखिसा असतो त्यो काय चोराचा नसतो, चोराला घावू नये म्हनून असतो. तशी ही कळ. ही दाबून ठिवली की इंजनात ठिनगी पडत न्हाई. ती त्येनं डाव्या गादीखाली बसवली, म्हंजे माज्या. झालं काय, नसरापूरच्या रस्त्यानं जाताना खड्डा आला, मी आदळलो, आन् मोटार बंद पडली. सरकार उतरले, नाक उघडून तारा तपासल्या. मीबी मदतीला उतरलो. मोटार सुरू झाली. मी बसलो, बंद पडली. असं लई येळ चाललं. शेवटी सरकारांनी मला खाली उभं करून नीट निरखून बगितलं, जसा माज्याच बुडाला दोष हाय. दोष तितंच व्हता म्हना. मंग ती कळ तितनं काढून सरकारांच्या पायापाशी बसवली.

एवढं झालं तरी माजी मिजास काय कमी झाली न्हाई. जाईन तितं सांगायचो, की पुन्याचे चोर ह्या मोटारीवर टपल्यात, आज न्हाई तर उद्या येनार, आन् मी हाय म्हनून ती जाग्यावर हाय. भोरात सांगितलं, नसरापूरच्या बाजारात सांगितलं. वेल्ह्याकडं सरकारांची जमीन व्हती, तिकडं जानं व्हायचं, तर त्या खोऱ्यातल्या धनगरांनाबी सांगून ठिवलं. लाल मोटार आन् चोर ही जोडी म्या लोकांच्या डोस्क्यात अशी पक्की बसवली, की मोटार दिसली की मानसं आदी चोर हुडकायची.

मोटारीच्या आदी मी बैलगाडीवर व्हतो, माजा बाप तसाच. बापाला आमी आबा म्हनायचो. आमा गाडीवानांची एक रीत हाय. बाजाराला, मुक्कामाला गाडी सोडली की एका चाकाची कुनी काढून कमरंला खोवायची. कुनी म्हंजे आसाच्या टोकाला घालत्यात ती लोखंडी खीळ, तिच्यामुळं चाक निसटत न्हाई. कुनी काढली तर उभ्या गाडीला काय व्हत न्हाई. पन चोरानं बैल जुपून गाडी हाकली, की चाक बोटबोट बाहीर सरकतं, आन् वळान आलं की निखळून पडतं. चोर एकीकडं, गाडी एकीकडं. आबांनी मला चालाया शिकवायच्या आदी हे शिकवलं असंल.

आन् सरकारांच्या मोटारीची चाकं सायकलीवानी तारांची, मदी एकच फिरकी. दोन कानांची, चकचकीत. चाक काढायचं असलं की सरकार तांब्याच्या हातोड्यानं त्या कानावर ठोकायचे, फिरकी हातानं फिरवून काढायचे, की चाक मोकळं. ते पयल्यांदा बगितलं तवा मला लई बरं वाटलं. म्हनलं, सायबानं कितीबी डोस्कं चालवलं तरी शेवटी कुनीच घातली.

एक दिवस सरकार वेल्ह्याच्या कचेरीत जमिनीच्या कामाला आले. बाजाराचा दिस, ऊन रखरखीत. मोटार कचेरीच्या बाजूला, उंबराच्या सावलीला, भिताडाला डावं अंग लावून उभी केली. सरकार आत गेले. साखळी लागली, चावी फिरवली, चोरकळ दाबली, आन् चौथा मी, भिताडाला टेकून.

एवढ्यात दोगं आले. कोट, टोप्या, पायात बूट. वेल्ह्यात बूट म्हंजे एकतर सरकारी मानूस, न्हाईतर पुन्याचा. त्येंनी मोटारीला फेरा घातला. एक खाली वाकून पोटाखाली बगाया लागला. दुसऱ्यानं मला इचारलं, ही पळती किती? मालक कवा येनार? म्या साखळी हालवून दावली. ते थोडं लांब जाऊन उभं ऱ्हायले आन् आमच्याकडं बगत बोलाया लागले.

आता कळतंय की ते शिवनयंत्रं इकाया आल्याले एजंट व्हते, गिऱ्हाइक हुडकत व्हते. पन तवा मला ते चोरच वाटले. एवढे दिस चोर येनार म्हनून सांगितलं, आन् आता आले तर काय करायचं हे ठरवल्यालंच न्हाई. साखळी तोडत्याल, चावी फिरवत्याल, चोरकळ हुडकत्याल. शिकल्याली मानसं, त्येंना काय अवघड? मंग डोस्क्यात एकदम उजेड पडला. त्येंना कुनी ठाऊक नसनार.

हातोडा मोटारीच्या पेटीतनं काढला. भिताडाच्या बाजूचं मागलं चाक, तितं कुनाला दिसत न्हवतं. मदी सांदीत घुसून दोन टोले दिले, फिरकी सैल झाली, हातानं फिरवून काढली आन् धोतराच्या सोग्यात गाठ मारून कमरंला खोवली. सरकारांची तीन कुलपं, आन् चौथं माजं. छाती अशी फुगली की सांदीतनं बाहीर पडाया जागा पुरंना.

पन हात काळेमिट्ट झाले व्हते. त्या फिरकीच्या आत वंगान असतं, ते कोपरापातुर आलं. असे हात सरकारांनी बगितले तर इचारत्याल. कचेरीच्या दारात पोलीस व्हता, त्येला म्हनलं नजर ठिव, आन् खाली नदीवर गेलो. वंगान काय निगंना. वाळू लावली, माती लावली, पालापाचोळा लावला. जितकं घासलं तितकं पसरलं. मी घासत बसलो, आन् वर काय घडलं ते मला मागनं कळलं.

आबा त्या दिवशी वेल्ह्याच्या बाजाराला आले व्हते. आमची वाडी विंझरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. बाजार उरकून मला भेटावं म्हनून ते कचेरीपाशी आले, आन् तेवढ्यात सरकार बाहीर पडले. ज्यो अंमलदार पायजे व्हता त्योच फिरतीवर गेल्ता. आबांनी मुजरा केला, कोनाचा बाप ते सांगितलं. सरकारांना त्येंचं बोलनं आवडलं असंल. म्हनले, चला आबा, विंझरपातुर सोडतो. आता मोटारीत जागा दोगांचीच. तवा माज्यासाठी पट्टेवाल्यापाशी निरोप ठिवला, की राखनदाराला म्हनावं चालत ये. सरकारांनी साखळी काढली, चावी फिरवली, चोरकळ वर केली. त्येंना ठाऊक व्हती ती तिनीबी कुलपं त्येंनी सोताच्या हातानं उघडली.

मी नदीवरनं आलो तर उंबराखाली सावली तेवढी. म्हनलं, चोरांनी नेली. पन ते दोगं तर समोरच, वान्याच्या दुकानात, दाढ्या खाजवत बसल्याले. पट्टेवाला हसत आला. म्हनला, "तुजा बाप बग राजावानी गेला. सरकारांनी आपला धुळीचा जादाचा चष्मा न् टोपी दिली त्येला."

माजा हात आपोआप कमरंला गेला. गाठ तितंच व्हती.

पाय आदी पळाया लागले, मागनं मी.

पळताना डोस्क्यात एकच हिशेब. कुनी काढल्यालं चाक डावं, मागलं. आबा बसल्यात डाव्या बाजूला, त्या चाकाच्या फुडंच. आन् गाडीवानाला हे सांगावं लागत न्हाई, की डावीकडं वळलं की डावं चाक बाहीर येतं, उजवीकडं वळलं की ते आत दबतं. वेल्ह्यातनं बाहीर पडताना वळान उजवं. ते बरं. मंग डोंगराची सोंड आडवी येती, तिला रस्ता फेर घालून जातो, त्योबी उजव्या हातानं. मंग थोडं सरळ. मंग वढ्याची उतरंड, आन् उतरंडीच्या मदोमद डावं वळान. एका बाजूला दरड, एका बाजूला खाली वढा, दगडगोट्यांचा.

त्या सोंडंवरनं पायवाट हाय. शेळ्यांची. रस्ता फेर घालतो तवर मानूस वर चढून पलीकडं उतरू शकतो, पाय असले तर. बाजाराचा दिस, रस्त्यावर गाड्याच गाड्या, आन् मोटारीचं पोट खाली घासतंय म्हनून सरकार तितं बेतानं हाकतात. तेवढाच काय तो आदार. मी करवंदीच्या जाळ्यांतनं चढाया लागलो. धोतर अडकलं, फाटलं, सोगा सुटला. फिरकी गुडघ्यावर ठोके द्यायची. दर ठोक्याला वाटायचं, आता हितं ही ठोकती हाय, आन् तितं चाक बोटभर सरकलं असंल.

आबांना म्या त्या मोटारीत कदी बसवलं न्हवतं. ते कदी म्हनले न्हाईत, पन मोटारीचं नाव निगालं की हातातलं काम थांबायचं त्येंचं. त्ये समदं मला त्या चढावर आठवाया लागलं. आठवू नये म्हनून मी जोरानं चढाया लागलो.

माथ्यावर आलो आन् खाली बगितलं. मोटार दिसली. तीन-चार बैलगाड्यांच्या मागं, धुळीत, लाल. सरकारांच्या शेजारी एक मानूस, डोळ्यांवर भला मोठा चष्मा, डोईवर चामड्याची टोपी, आन् टोपीतनं बाहीर आल्याल्या पांढऱ्या मिशा. आमच्या आबांचा तोंडावळा एवढा रुबाबदार असंल असं मला कदी वाटलं न्हवतं. मागलं चाक हितनंबी वाकडं दिसत व्हतं. का मलाच तसं दिसत व्हतं, देव जाने.

गाड्या बाजूला झाल्या. मोटारीला रस्ता मोकळा मिळाला, आन् तिनं आवाज बदलला.

मी वरडलो. मला जितका आवाज हाय तितक्यानं वरडलो, "चाऽऽक! चाक निगालंय!"

मोटारीच्या आवाजात सरकारांना काय ऐकू जानार? पन समोरच्या डोंगरावर धनगर शेरडं घेऊन उभा व्हता, त्येनं ऐकलं. आमच्या खोऱ्यात एकानं हाक दिली की दुसऱ्यानं ती फुडं द्यायची, ही रीत. वाघरू आलं, वनवा लागला, तर मानूस पळायच्या आदी हाक पोचती. त्येनं हात तोंडाशी नेला आन् हाक खाली वढ्याकडं सोडली. मी कान देऊन ऐकली.

"चोऽऽर! चोर निगालाय!"

मी हात हलवले. न्हाई न्हाई म्हनून नाचलो. त्येला वाटलं मी घाई करा म्हनतोय. त्येनं पुन्हा हाक दिली, त्याहून मोठी. खालनं दुसऱ्यानं उचलली. वढ्यापाशी बाजारातनं परतनारी मानसं पान्याला थांबली व्हती. त्येंच्यात एकदम हालचाल झाली. कुनाला काय इचारावं लागलं न्हाई. लाल मोटार, चोर. मीच तर दोन वर्सं त्येंना शिकवत व्हतो.

म्या उतार धरला. उतरलो म्हनन्यापरीस घसरलो. एक डोळा पायाखाली, एक डोळा वढ्यावर. मानसांनी एक बैलगाडी वळवून रस्त्यात आडवी घातली, अगदी वळनाच्या तोंडाला. हातात काठ्या, कुऱ्हाडी, जे गावलं ते. मोटार उतरंडीवर आली. सरकारांनी फुडं बगितलं. त्येंना काय दिसलं असंल? आडवी गाडी, कुऱ्हाडी, चाळीसभर मानसं वरडतायत. ज्येचा घोर लावून घेतला व्हता तेच. लुटारू. मोटार लुटाया आलेत.

मोटारीचा येग कमी झाला. मी म्हनलं, थांबा सरकार, तितंच थांबा. तेवढ्यात सरकारांनी डावीकडं बगितलं. आडव्या गाडीच्या आन् दरडीच्या मदी थोडी जागा व्हती. मोटार अरुंद, घुसली असती. सरकारांचे हात फिरले.

डावीकडं.

म्या डोळे मिटले न्हाईत. मिटायचे व्हते, मिटले न्हाईत. चाक बाहीर आलं. लई हळू आल्यावानी वाटलं, जसं कुनी मानूस गाडीतनं उतरतोय. मोटारीच्या बरुबर थोडं पळालं, मंग तिच्या फुडं गेलं, मानसांच्या मदनं वाट काढत वढ्याकडं, उड्या मारत. आन् मोटार डाव्या कुशीवर बसली. लोखंड दगडावर घासत गेल्याचा आवाज आला, दातांत शिरनारा. दरडीला खेटून ती थांबली. धूळ उडाली. धुळीत मला आबा दिसंनात.

मानसं धुळीत घुसली. मी अजून वर, मदी काट्याचं कुंपान. धूळ बसली तवा बगितलं, तर चष्मेवाले दोगंबी धरून बाहीर काढल्याले. सरकारांच्या तोंडावर चष्मा, धूळ, कुनाला वळख लागंना. एकानं त्येंचे हात मागं धरल्याले. आन् दुसऱ्या चोराच्या गळ्यात पंजा घालून आमच्याच वाडीचा एक गडी उभा, माज्या चुलत्याचा पोरगा. हातातली काठी वर गेल्याली.

मी वरडायचा सगळा आवाज डोंगरावर खर्चून आलो व्हतो.

तेवढ्यात चोरानं चष्मा वर सारला. आन् त्येला म्हनला, "हान की रं मुडद्या. चुलत्याला हानायला दुसरा मुहूर्त कवा गावायचा तुला."

काठी तशीच वर ऱ्हायली. मंग त्येच्या हातातनं ती मागं पडली, सोताच्याच डोक्यावर. सरकारांचा चष्मा कुनीतरी काढला, आन् जी मानसं त्येंना धरून व्हती ती एकदम मुजरा कराया लागली. हात सोडायचं इसरून. मी कुंपान ओलांडून आलो. काटे अंगात, धोतर अर्धं. आबांपाशी गेलो. गुडघा फुटला व्हता, रगात वघळत व्हतं, बाकी हातपाय जाग्यावर. म्या त्येंच्या खांद्याला हात लावला. आबांनी माज्याकडं बगितलं, मंग माज्या काळ्या हातांकडं, मंग त्या मोकळ्या आसाकडं. जल्म गाडी हाकल्याला मानूस. त्येला काय सांगावं लागलं न्हाई. त्येंनी तोंड फिरवलं.

दोन गडी चाक घेऊन आले, वल्लं, गाळ लागल्यालं. सरकारांनी ते बगितलं, फिरवून बगितलं. सरकार अगदी हळू आवाजात म्हनले, "फिरकी कुणी काढली?"

मला वाटलं त्येंना रीत ठाऊक हाय. जीव जरा खाली आला. म्हनलं, "व्हय सरकार. कुनीच काढली."

सरकारांचं तोंड लालबुंद झालं. "कुणीच काढली नाही तर गेली कुठं? माझी फिरकी घेतोस?"

म्या सोग्याची गाठ सोडली. गाठ सुटंना, दातानं सोडली. फिरकी त्येंच्या हातावर ठिवली आन् म्हनलं, "व्हय सरकार, घेतली व्हती. ही बगा."

मागं कुनीतरी फसकन हासलं आन् लगीच खोकलं. सरकार हासले न्हाईत. मी सांगाया लागलो, चोर, बूटवाले, कुनी, गाडीवानांची रीत. सांगताना मला कळत व्हतं की एक-एक शबूद मला वढ्यात नेतोय. सरकारांनी ऐकून घेतलं. मारलं न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हनले, की चोरानं मोटार नेली असती तर नुसती मोटार गेली असती. आन् आबांकडं बोट दावलं.

मानसांनी मोटार उचलून धरली. पोरं पाळन्यातनं उचलावी तशी उचलली, एवढी मानसं व्हती. चाक बसवलं. हातोडा शोधला तर पेटीत न्हाई. त्यो मी वेल्ह्याला भिताडाच्या सांदीत सोडून आल्तो. शेवटी धोंड्यावर फडकं बांधून फिरकी ठोकली. एका गाडीवानानं ठोकली, मला हात लावू दिला न्हाई.

सरकार आबांना म्हनले, आबा, तुमी बैलगाडीतनं जा, गुडघा बांधून घ्या. आबा मोटारीच्या दारापाशी गेले. दार वाकलं व्हतं, उघडंना. त्येंनी वरनं पाय टाकला आन् आत बसले. चष्मा डोळ्यांवर घेतला.

"विंझर अजून यायचंय, सरकार," ते म्हनले.

समदी वाडी बगत व्हती न्हवं. ज्या मानसाचा चोर म्हनून गळा धरला त्यो आता बैलगाडीत बसनार न्हवता. सरकारांनी मोटार सुरू केली आन् मानसाच्या चालीनं हाकली. मी डाव्या बाजूला, मागल्या चाकाच्या शेजारी, वाकून चालत. नजर फिरकीवर. ती फिरायची, कान वर, कान खाली. मी दर फेऱ्याला म्हनायचो, हाय, हाय, हाय. मागनं चाळीस मानसं, बैलं, शेरडं. डावं वळान आलं की समदी थांबायची, आन् मी चाकाला हात लावून धरायचो, जसा माज्या हातानं त्ये थांबनार व्हतं. आबांनी एकदाबी मागं बगितलं न्हाई. मान ताठ. त्येंचा डावा हात मोटारीच्या कडेला व्हता. बोटं पांढरी पडल्याली.

विंझरला फाट्यावर मोटार थांबली. आबा उतरले. सरकारांना मुजरा केला, चष्मा न् टोपी परत दिली, फडक्यानं पुसून. सरकारांनी मला हातानं इशारा केला की उद्या ये, आन् गेले. मोटार दिसंनाशी होईस्तवर आबा उभे व्हते. मंग वाडीच्या वाटंला लागले, मी मागं. लोकं पांगली. पयल्या वळनाला, करवंदीच्या आड गेल्यावर, त्येंचे पाय गेले. खालीच बसले, धुळीत. म्या धरलं तर समदं अंग थरथरत व्हतं, दात वाजत व्हते, उन्हाचं. त्येंनी माजा हात धरला, त्यो वंगान लागल्याला, आन् लई येळ सोडला न्हाई.

वाटंनं कुनीतरी येत व्हतं. चपलांचा आवाज आला. आबांनी उठाया बगितलं, उठवंना.

"लोकांनी इचारलं तर सांग," ते म्हनले, "म्हाताऱ्याला मोटार लागली."

म्या तसंच सांगितलं. ज्येनं ज्येनं इचारलं त्येला सांगितलं.